तालुक्याचा कोट आणि ठकूबाईचा फोटो

जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि भिंतीवरचे फोटो बघा. आजोबांनी काळा कोट घातलाय, खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक डोकावतंय आणि वरचं बटण बाकीच्या बटणांपेक्षा जरा मोठं आहे, असं दिसलं तर खुशाल समजा, आजोबा त्यांचे पण कोट आमचा!

आमचा म्हणजे सुमुख फोटो स्टुडिओचा. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, मूळचे डिंगोऱ्याचे. फोटोचा नाद लागला तसं त्यांनी धाकट्या भावाला सांगितलं, "जमिनीचं तू बघ, माणसांच्या तोंडांचं मी बघतो." आणि जुन्नरच्या बाजारपेठेत माडीवर दुकान थाटलं. एक लाकडी खुर्ची, एक प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, मागं रंगवलेला पडदा, त्यात एक तळं आणि दोन हंस. आणि खुंटीला तो कोट.

कोट एकच आणि गिऱ्हाईक नाना मापांचं. मग पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून बघाल तर मामलेदार, मागून बघाल तर दोरीवरची चादर. हे गुपित मागून दिसायचं आणि मागून फोटो आम्ही काढतच नव्हतो. मामंजींचा नियमच होता, "तोंड दिसलं तर फोटो, नाहीतर नुसता कागद." लग्नातल्या घोळक्यात कुणा एकाची पाठ कॅमेऱ्याकडं आली तरी ते अख्ख्या वऱ्हाडाला परत उभं करायचे. नवरदेव भुकेनं कासावीस झालेला असला तरी सुटका नाही.

आता माझं लग्नच बघा. माझं माहेर पेठ, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. मध्यस्थानं माझ्या वडिलांपुढं तीन मुलांचे फोटो ठेवले. वडिलांनी चष्मा पुसला, तिन्ही फोटो एका ओळीत मांडले आणि मध्यस्थाला विचारलं, "पाव्हणं, ही तिघं भाऊ हाईत का?"

"न्हाई बा. तीन गावची तीन पोरं."

"मग कोट एकच कसा? बटणसुदिक तेच!"

मध्यस्थ गडबडला. चौकशी झाली तेव्हा कळलं की त्यातला एक मुलगा खुद्द स्टुडिओवाल्याचा. वडील म्हणाले, "मग ज्याच्या घरचा कोट हाय त्यालाच देऊ पोरगी. बाकीच्यांचं आंगावरचं बी उसनंच!" अशी मी कोटाच्या घरात पडले. लग्नानंतर यांना म्हटलं, "तुमच्यात बघण्यासारखं काय होतं ते सांगा, वडिलांनी तर बटण बघून दिली." हे हसले. आमच्या ह्यांना हसायचं तेवढं छान जमतं, बोलायचं काम माझ्याकडंच राहिलं.

आमचे हे फोटो काढायचे आणि मी रिटचिंग करायची. मामंजींनीच शिकवलं. नव्या लोकांना हे सांगावं लागतं. फोटो काढला की आधी निगेटिव्ह मिळायची, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचं उलटं चित्र. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ती खिडकीशी तिरप्या काचेवर लावायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलनं त्यावर बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागेल तिथं फोटोत उजळतं. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या ठिपक्यांखाली गडप. तालुक्यातल्या किती बायांचं वय मी कमी केलंय म्हणून सांगू! एका बाईला तिच्या नवऱ्यानं फोटोवरून ओळखलंच नाही. म्हणाला, "ही कोण आणली?" बाई मात्र माझ्यावर इतकी खूश की दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. बाजारपेठेतले एक मारवाडी शेठ होते, कापडाचे व्यापारी, मराठी आमच्यापेक्षा चोख. त्यांची खोड एकच. ह्यांनी बटण दाबायच्या नेमक्या क्षणाला त्यांचे डोळे मिटायचे. अख्खा रोल संपला, शेठ प्रत्येक फोटोत ध्यानस्थ. शेवटी ह्यांनी कॅमेऱ्यामागून विचारलं, "शेठ, ते दुकानातलं धोतर आम्हाला निम्म्या भावात देता का?" शेठचे डोळे असे विस्फारले! तोच फोटो अजून त्यांच्या गादीमागं लावलेला आहे. बघणारे म्हणतात, काय करारी नजर आहे.

आता पेन्सिल राहिली नाही आणि फिल्मही राहिली नाही. दुकान आमचा मुलगा नितीन बघतो, कॉम्प्युटरवर. फोटो काढायला येणारे कमी, काढलेले फोटो मोबाइलवर पाठवणारे जास्त. घरात कुणी गेलं की तासाभरात फोटो येतो, "भाऊ, याची फ्रेम करा." फोटोत गेलेले बाबा कुणाच्या तरी लग्नात जिलेबी खात असतात. मग नितीननं हातातली जिलेबी काढायची, तोंडातला घास काढायचा आणि बाबांना गंभीर करायचं. आणि कोट? कोट तो कॉम्प्युटरवरनं चढवतो. आमचाच, मोठ्या बटणाचा. खुंटीवरच्या कोटाचा फोटो काढून ठेवलाय पोरानं. मामंजींना आवडलं असतं.

पण सांगायची आहे ती गोष्ट ठकूबाईची. मला एवढी वर्षं हे काम येतं असं वाटत होतं, ते तिच्यापायी पुन्हा शिकायला लागलं.

डिंगोऱ्यात दिलेली एक मंजुळा, माहेर तळेघरच्या बाजूच्या डोंगरात. एक दिवस दुकानात आली ती पदराखालून एक जुनी फ्रेम काढत. आतला तरुण आमच्या कोटात ताठ बसलेला, मागं आमचे दोन हंस.

"काकू, ह्यो माझा बाप, कोंडाजी. तुमच्याच दुकानात काढलाय नव्हं?"

"आमचाच की. कोटच सांगतोय."

"मग माझ्या आईचा बी असंल. ठकूबाई. बघा की कुटं पेटीत."

ठकूबाई आदल्या साली भातकाढणी उरकल्यावर गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डाला बोटांचे ठसे उमटेनात म्हणून तेही राहून गेलेलं, आणि कुणी मोबाइल समोर धरला की ती तोंड फिरवायची. मंजुळा सांगता सांगता एकदम म्हणाली, "काकू, बाबा सकाळी उठून रडत्यात. म्हनत्यात, मला तिचं तोंड आठवंना झालंय. आवाज आठवतोय, तोंड नाय. वर्सश्राद्धाला भिंतीवर आईचा फोटो पायजे. नायतर बाबा काय धड राहायचं नाय."

नितीननं आणि मी जुन्या निगेटिव्हच्या पेट्या उपसल्या. कोंडाजी सापडला, ठकूबाई नाही. पुढच्या खेपेला मंजुळा बापालाच घेऊन आली. गुडघ्यानं अधू, काठी टेकत माडी चढलेला म्हातारा खुर्चीला हात लावून म्हणाला, "हितंच बसलो व्हतो."

"बाबा, तेव्हा ठकूबाई बरोबर नव्हत्या?"

"व्हती की. हिरडा इकाया आलो व्हतो दोघं. ती खाली रस्त्यावर पोतं राखत उभी व्हती. म्हनली, तुमी काढा, मला काय करायचाय फोटू."

मला चरचरलं. आमच्या माडीच्या पायरीशी ती उभी होती आणि वर आम्ही तिच्या नवऱ्याच्या पाठीला चिमटे लावत होतो. कुणी खिडकीतून एक हाक मारली असती, "बाई, या वर," तर पुढचं काहीच झालं नसतं. पण हाक मारायची रीतच नव्हती. वर आलेल्याचा फोटो काढायचा, खाली उभं कोण आहे ते कुणी बघायचं?

नितीन म्हणाला, "आई, थांब. हल्ली नुसतं वर्णन सांगितलं की चित्र तयार होतं." मंजुळानं सांगितलं, यानं कॉम्प्युटरला सांगितलं, आणि आली बाई एक पडद्यावर. गोरीपान, नाकात भलीमोठी नथ, दात मोत्यासारखे. कोंडाजीबाबांनी पुढं वाकून बघितलं.

"ह्या कोण मॅडम? तालुक्याच्या का?"

नितीनचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आलं, पण मी त्याला म्हटलं, "राहू दे रे बाबा. जुन्या वाटेनं जाऊ."

जुनी वाट अशी. फोटो नसेल तर तोंडावळ्यानं जवळचं माणूस बसवायचं आणि त्याच्यावरून चित्र उभं करायचं. मामंजींनी असे दोन-तीन फोटो केलेले मी बघितले होते. मंजुळा आईच्या वळणावर गेली असं सगळे म्हणत. तिला आईचं लुगडं नेसवलं, खुर्चीवर बसवलं, ह्यांनी फोटो काढला. ह्यांचा हात आता थरथरतो, पण स्टँडवर कॅमेरा असला की चालतं. मोठा काळा-पांढरा प्रिंट काढला आणि मी ब्रश घेऊन बसले. जन्मभर सुरकुत्या पुसल्या, आता घालायच्या होत्या. मंजुळा सांगेल तसं कपाळावर गोंदण घातलं, गाल आत घेतले, केस पिकवले.

खरं सांगते, काम करताना मला भीती वाटत होती. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं तोंड पुसट होत चाललेलं. मी जे काढीन तेच आता तिथं बसणार. माझं चुकलं तर खरी ठकूबाई कायमचीच जायची आणि तिच्या जागी मी रंगवलेली कुणीतरी बाई संसार करायची. लोकांच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं हात चालवला, पण हात असा कधी जड झाला नव्हता.

चित्र मात्र झालं झकास. मी स्वतःवरच खूश. हे म्हणाले, "तात्यांच्या तोडीचं झालंय." वडिलांचं नाव हे असं सहज काढत नाहीत.

कोंडाजीबाबा आले. चित्र दोन्ही हातांनी धरून खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले आणि माझ्याकडं वळले.

"ही तर आमची मंजुळा," ते म्हणाले. "बाई, माझ्या पोरीला म्हातारी का वं केली?"

मंजुळानं तोंडाला पदर लावला. मी चित्र त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि उलटं करून ठेवलं. चहा मागवला. मग माझ्याच तोंडून निघालं, "बाबा, तोंडाचं जाऊ द्या. ती आठवते तेव्हा काय करत असते?"

"चालत असती," ते लगेच म्हणाले.

"कुठं?"

"कुटं म्हंजी? म्होरं! मी हिरड्याच्या झाडावरनं पडलो, तवापास्नं गुडघा असा. आमच्याकडं यष्टी कवा येती न् कवा नाय, समदं चालायचं. बाकीच्यांच्यात बाप्या म्होरं आन् बाई मागं. आमचं उलटं. डोईवर मोळी घिऊन ती म्होरं, मी मागं. लोकं हसायची. वळनावर गेली की थांबायची आन् मागं वळून बघायची."

"मग तेव्हा तोंड दिसत असेल की."

"कशाचं? डोईवर मोळी, वरनं ऊन. तोंड समदं सावलीत. पर तीच असायची की!"

पंचवीस-तीस वर्षं तो माणूस बायकोच्या पाठीमागं चालला होता आणि आम्ही त्याला समोरून तोंड दाखवत होतो. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. दोघांच्याही मनात मामंजींचा तो नियम आला असणार. मी म्हटलं, "मंजुळा, आपण तुझ्या माहेरी जाऊन फोटो काढू. मागून."

"मागून?" मंजुळा चमकली. "काकू, भिंतीला पाठ लावायची व्हय? वर्सश्राद्धाला भावकी येनार, लोकं काय म्हनतील?"

"लोकांना सांग, फोटोवाल्या काकूला अक्कल नाही. पुढचं मी बघते."

नितीनच्या गाडीनं आम्ही तळेघरला गेलो. तिथून पुढं पायी. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते बुडखे उभे. घराकडं जाणारी पायवाट एका बांधावरून वर चढते आणि आंब्याशी वळते. मंजुळा आईचं लुगडं नेसली, डोक्यावर मोळी घेतली. कोंडाजीबाबांना आमच्या बाजूला बांधावर बसवलं.

आणि मग जी मजा झाली! मंजुळा वळणावर जायची आणि वळून बघायची ती थेट कॅमेऱ्याकडं, मान ताठ, ओठ मिटून, पासपोर्टच्या फोटोसारखं. आमचे हे सवयीनं ओरडायचे, "हनुवटी खाली!" मी ह्यांच्यावर ओरडायची, "अहो, हनुवटी बघायचीच नाही आपल्याला!" बाबा मान हलवायचे, "नाय. अशी नाय." पुन्हा खाली या, पुन्हा वर जा. मोळीनं बिचारीची मान मोडायची वेळ आली. ऊन चढलं. शेवटी मंजुळा कावली.

"जाऊ द्या काकू. नाय व्हायचं ते. चला घरी, भाकरी खाऊन घ्या."

मोळी तशीच डोक्यावर घेऊन ती झपाझपा वर निघाली. नितीन सामान आवरायला लागला. हे कॅमेरा गळ्यात घालून तसेच उभे. कोंडाजीबाबा काठी टेकून उठायला बघत होते, पण पायाला मुंग्या आल्या होत्या. मंजुळा वळणावर पोचली, बाप मागं येत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं गरकन मान मागं वळवली. आमचं, फोटोचं, कशाचंच तिला भान नव्हतं. करवादून ओरडली,

"अवं, येताय का बसताय तितंच?"

बाबांची काठी हातातच थांबली. मंजुळाही थबकली. असं आईसारखं बोल म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी बटण कधी दाबलं ते मला कळलं नाही, नुसता आवाज ऐकू आला.

"आलो, आलो," बाबा म्हणाले, आणि उठून काठी न टेकता दोन पावलं चालले. मग माझ्याकडं वळून, डोळ्यांतून पाणी चाललेलं तसंच, म्हणाले, "आठवली वं बाई. आठवली. डाव्या भिवईवर चट्टा व्हता. चुलीतलं लाकूड उडालेलं. नाकाशी घाम साठायचा. लई कावायची माज्यावर!" आणि मग बोलतच सुटले. कान कसे, हसताना कुठला दात दिसायचा, सगळं. मंजुळा वळणावर मोळीखाली उभी राहून रडत होती. मीही रडले, सांगायला काय लाजायचं? हे चष्मा पुसत होते. एकटा नितीन शहाणा, त्यानं आधी धावत जाऊन मंजुळाच्या डोक्यावरची मोळी उतरवली.

फोटो तसा सदोष आहे. ह्यांचा हात हलला म्हणून कडा थोड्या पुसट आल्यात. एक बाई वाटेच्या वळणावर, पाठ आपल्याकडं, मान तेवढी मागं फिरलेली, तोंड मोळीच्या सावलीत. कोण आहे ते तिऱ्हाइताला सांगता यायचं नाही. नितीननं विचारलं, "आई, तोंड थोडं उजळू का?" मी म्हटलं, "हात लावशील तर बघ." आयुष्यात पहिल्यांदा एक फोटो रिटचिंगशिवाय माझ्या हातून गेला.

वर्षश्राद्धाला आम्हीही गेलो. भावकीतला एक जण म्हणालाच, "पाठमोरा फोटू कसा वं लावलाय?" कोंडाजीबाबांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. फोटो कुठं लावायचा ते त्यांनी स्वतः खिळा ठोकून ठरवलं होतं. त्यांच्या जुन्या फोटोच्या उजव्या हाताला, अगदी शेजारी. ठकूबाई मान वळवून बघते ती नेमकी त्या कोटातल्या तरुणाकडं. तो आपला आमच्या हंसांपुढं ताठ बसलाय, पाठीला चिमटे लावून.

परवा मंजुळाचा फोन आला होता. म्हटलं, बाबा कसे आहेत? आता सकाळचं रडत नाहीत म्हणाली. उठतात, चहा घेतात, काठी शोधतात. घरातून बाहेर पडताना त्या फोटोपुढं क्षणभर थांबतात आणि रोज एकच बोलतात.

"चल गं तू म्होरं. आलोच मी."